भोक सांगण्याचा दिवस

माघ सरत आला की आमच्या खाडीला एक वेगळा वास येतो. मळणी उरकलेली असते, खळी मोकळी पडलेली असतात, भाताच्या सडांमध्ये पेरलेला वाल शेंगांवर आलेला असतो. त्या हिरव्या, गोडसर वासात सुकतीचा, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या चिखलाचा, खारट कुजकट वास मिसळतो. परगावच्या माणसाला तो सोसत नाही. नवी सून आठ दिवस नाकाला पदर लावून हिंडते आणि नवव्या दिवशी विसरून जाते. मी इथलाच, तरी मला काही तो विसरता आलेला नाही. तो आला की माझे हात शिवशिवतात.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात फौजेचा एक जमादार गावात येऊन गेला. विलायतेकडे पुन्हा लढाई होणार असं सगळे बोलतात, तेव्हा सरकारला माणसं हवी आहेत. जमादार देवळाच्या पारावर बसला. मिशीला पीळ देत त्यानं बुटांचं, गव्हाच्या रोट्यांचं आणि परमुलखाचं वर्णन केलं, आणि जाताना दोन जणांची नावं लिहून नेली. त्यातला एक महादू, आमच्या हिराजीतात्यांचा नातू, वीस-एकवीस वर्षांचा गडी. जमादाराची पाठ वळते न वळते तोच चारजण माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"काय वो लाननाईक, धाडावं का पोराला?"

लाननाईक हे माझं गावातलं नाव. पलटणीत मी लान्सनायक होतो, तेही जेमतेम वर्षभर, पण गावानं तेवढ्यावर मला जन्माचं बारसं करून टाकलं. हाक मारणाऱ्याच्या आवाजात थट्टा असते आणि थोडा मानही असतो. मी दोन्ही घेतो. त्या चौघांना मी म्हटलं, सांगतो. आणि चार दिवस काहीच सांगितलं नाही, कारण आठवायला बसलो तो थेट त्या वर्षीच्या बांधावर जाऊन पोचलो.

बांध म्हणजे काय हे न पाहिलेल्याला सांगायला हवं. आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातजमीन, आणि मधे छातीभर उंचीचा मातीचा बांध. उधाणाच्या दिवसांत खाडीचं पाणी शेताच्या वर असतं. बांधावर उभं राहून पाहिलं तर डाव्या हाताचं पाणी उजव्या हाताच्या भातापेक्षा उंच दिसतं, आणि पाहुणा दोन पावलं मागे सरतो. एकदा का खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवताची काडी उगवत नाही. म्हणून बांधाचे वाटे पाडलेले आहेत. प्रत्येक घराचा एक वाटा, आणि दर वर्षी माघ-फाल्गुनात प्रत्येक घराचा एक माणूस बांधावर. तिथं सबब चालत नाही. पाटील असो की कूळ, सुकती लागली की चिखलात उतरायचं, खाडीतली चिकण माती कापायची आणि हातोहात वर द्यायची.

बांधाचा खरा वैरी समुद्र नाही. समुद्र काय, तो समोर दिसतो, त्याच्या वेळा ठरलेल्या असतात. वैरी म्हणजे खेकडा. तो बोटभर बीळ करतो, त्यातून पाणी झिरपू लागतं, आणि मग पाणी स्वतःच खणत सुटतं. बांधाच्या आतल्या पायथ्याला तळव्याएवढी ओल दिसली की समजायचं, आत भोक आहे. चालायला लागल्यापासून आमच्या गावात पोराला ती ओल ओळखायला शिकवतात. माझा बा मला बांधावरून चालवत न्यायचा आणि म्हणायचा, "ओल दिसली का बोंब मारायची. आधी बोंब, इचार मागनं." माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण त्याआधी ही एक झाली होती, आणि तिचा धडा मी कधी विसरलो नाही.

त्यातूनच आमच्याकडे भोक सांगण्याचा दिवस आला. कामाच्या पहिल्या सकाळी, सुकतीला, सगळी घरं बांधावर ओळीनं उभी राहतात. गावातला सगळ्यात वडील माणूस तीनदा विचारतो, "कुनाला भोक म्हायती हाय का?" ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगायचं. कोणी चिंबोरी, म्हणजे मोठे खेकडे, काढायला पहार घालून बीळ मोठं केलेलं असतं, कोणाच्या रेड्यानं पाय रुतवलेला असतो, कोणी आळसानं मागच्या साली बांध नुसता वरून लिंपलेला असतो. त्या सकाळी सांगितलेल्या भोकाबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. लपवलेलं भोक मात्र गाव विसरत नाही. माझ्या आज्याच्या काळी एकानं लपवलं होतं, तर त्या घरात मुलगी देताना लोक अजून दोनदा विचार करतात.

आता त्या वर्षाचं सांगतो. जर्मन लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. मी पलटणीतून रजेवर आलो तो असाच माघात. रेवदंड्याला आगबोटीतून उतरलो, डोक्यावर पत्र्याची पेटी घेतली आणि खाडीच्या कडेकडेनं चालत निघालो. दंडावर लान्सनायकाची नवी कोरी फीत होती. गावाच्या वेशीपर्यंत बा आला होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, फीत पाहिली. मग पेटी माझ्या डोक्यावरून ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "आमचा लाननाईक आला." बायकोनं, येसूनं, दुसऱ्या दिवशी माझा खाकी सदरा धुतला तो फितीला धक्का न लावता, बाळाचं डोकं धुवावं तसा. मला ते सगळं गोड वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

मित्रांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, वरून जाळ. शेंगा सोलत सगळ्यांनी मला फौजेच्या गोष्टी विचारल्या आणि मी सांगितल्या. बर्फ सांगितला, उंट सांगितले, वायव्येकडच्या सरहद्दीवरचे डाळिंबासारखे लाल गाल असलेले लोक सांगितले. एक गोष्ट सांगितली नाही. ती नेमकी फितीची होती.

माझ्यापुढे त्या वेळी काय होतं तेही सांगून टाकतो. निघताना आमच्या साताऱ्याकडच्या सुभेदारांनी पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "लौकर ये. पुढच्या थंडीत पलीकडच्या खिंडीत जायाचं हाय. तू असलास म्हंजे काम हलकं हुतंय. दुसरी फीत तुझी वाट बघतीया." दुसरी फीत, मग हवालदारी, मग पेन्शन. खारजमिनीवर राबणाऱ्या घराला पेन्शन म्हणजे काय असतं ते खारजमिनीवाल्यालाच ठाऊक. आणि ते सगळं मिळवायचं तर मला पुढच्या थंडीत तेच पुन्हा करावं लागणार होतं, जे मी मागच्या थंडीत केलं होतं.

लोकांना वाटतं शिपायाला सगळ्यात जड जातं ते मरणाचं भय. भय असतंच. पण ते सगळ्यांना सारखं असतं, आणि रोजच्या भाकरीसारखी त्याचीही सवय होते. मी गोळीही झाडली आहे. समोरूनही येत होती, इकडूनही जात होती, त्याचा हिशेब मी देवावर सोडला. ज्याचा सोडता येईना तो मामला एका बांधाचा होता.

सरहद्दीच्या उघड्या-बोडक्या डोंगरात एक गाव होतं. त्या बाजूनं कोणीतरी रस्त्यावरच्या पहाऱ्यावर गोळी झाडली होती. झाडणारा कोण ते ठरेना, म्हणून शिक्षा सगळ्या गावाला. आम्ही पोचलो तेव्हा घरं रिकामी होती, माणसं वर डोंगराच्या कपारीला जाऊन बसली होती. हुकूम होता की गावाचा बंधारा पाडायचा. ओढ्यावर दगड, माती आणि झाडाच्या फांद्या घालून घातलेला तो बांध. मागे पाणी साठलेलं, खाली पाटानं भिजणारा हिरवागार गहू. आमचा बांध पाणी बाहेर ठेवतो, तिथला आत ठेवत होता, एवढाच फरक. बाकी माती चोपण्याची तऱ्हासुद्धा तीच होती.

आमची माणसं वर चढून कुदळी मारत होती. थंडीनं माती दगडासारखी झाली होती. कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि मूठभर माती निघायची. सुभेदार शिव्या देत होते. दिवस उतरायच्या आत माघारी फिरायचा हुकूम होता, कारण अंधारात त्या खिंडीतून परतणं म्हणजे मरण. मी खाली पायथ्याशी उभा होतो, वरून येणारे दगड बाजूला करायला. आणि मला ओल दिसली. तळव्याएवढी, कडेला थोडं शेवाळं असलेली, अगदी आपल्याकडे दिसते तशी.

मी बोंब मारली.

"सुभेदारसायब, वर नका मारू. हितं ओल हाय. हितं पहार घाला, बाकीचं पानी करील."

लिहिताना लाज वाटते, पण ते ओरडताना मला आनंद झाला होता. इतक्या लांब, बोली परकी, डोंगर परके, आणि एक गोष्ट ओळखीची निघाली. पहारीचे तीन-चार घाव बसले. आधी करंगळीएवढी धार आली, मग मनगटाएवढी, आणि आमच्या डोळ्यांदेखत बांधाच्या पोटाला भगदाड पडलं. गढूळ पाणी गव्हावरून गेलं. गहू आडवा झाला आणि मग दिसेनासाच झाला. सगळ्यांनी मला शाबासकी दिली. कप्तानसाहेबानं माझं नाव विचारून घेतलं.

तेवढ्यात डोंगरावरून एक म्हातारा खाली आला. आमच्यातल्या एकानं बंदूक उचलली, साहेबानं ती खाली करायला लावली. म्हातारा फुटलेल्या कडेपाशी गेला, तिथली मूठभर माती घेतली, तिचा गोळा वळला आणि तो तळहातावर दोनदा उडवून झेलला. मग गोळ्याकडे पाहत उभा राहिला. आमच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

परतताना माझ्या बाजूनं इस्माईल चालत होता. हा श्रीवर्धनकडचा, घरची सुपारीची वाडी असलेला, माझ्याच तुकडीतला. दोघं एकाच किनाऱ्याचे म्हणून आमचं मेतकूट जमलं होतं. खिंडीच्या तोंडाशी आल्यावर तो माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "तू गप ऱ्हायला असतास ना, तर आपन मगरिबपर्यंत, दिवस बुडेस्तोवर, वरनं टोचत बसलो असतो. आनि मगरिबच्या आधी माघारी जायचं होतं."

एवढंच बोलला. पुढं काही सांगायची गरज नव्हती. मी बोललो नसतो तर तो बांध उभा राहिला असता.

तर अशी ती फीत. ती दंडावर घेऊन मी घरी आलो, आणि आठवड्यानं भोक सांगण्याचा दिवस उजाडला. मी अंथरुणात पडून राहिलो. येसूला सांगितलं, ताप आहे. तिनं कपाळाला हात लावला.

"ताप म्हनता, अंग तर गार हाय. बांधाला कवापास्न भ्यायला लागलात?"

"भीत न्हाय."

"मंग उठा. मामंजी दोन वर्सं एकलेच जात्यात. आज तुमी हाव तर त्यांनी का म्हून चिखलात उतरायचं?"

मी उठलो, जुना सदरा चढवला आणि बाच्या मागून निघालो. आमच्या वाट्यापाशी पोचल्यावर बानं खाली वाकून चिखल उचलला. दर वर्षी तो हेच करायचा, लहानपणापासून मी पाहत आलो होतो. मूठभर माती घेतली, गोळा वळला आणि तळहातावर दोनदा उडवून झेलला. गोळा फुटला तर मातीत रेती फार, ती बांधाला चालत नाही. न फुटला तर माती बरी.

मी बांधावरच खाली बसलो. बाला वाटलं, खरंच ताप आहे.

हिराजीतात्या तेव्हा सगळ्यात वडील. वाळलेल्या बोंबलासारखा माणूस, पण आवाज पार खाडीपलीकडे जायचा. त्यांनी पहिल्यांदा विचारलं. दोघा-तिघांनी आपापली भोकं सांगितली. दुसऱ्यांदा विचारलं, एकानं शेजाऱ्याचं सांगितलं आणि लोक हसले. तिसऱ्यांदा विचारलं, "अजून कुनाला म्हायती हाय का?" आणि मी उठून उभा राहिलो.

"मला एक हाय तात्या. पन ते हितलं न्हाय."

मग मी सगळं सांगितलं. गाव, गहू, ओल, माझी बोंब, म्हातारा, आणि ही फीत कशाची ते. सांगत असताना सुकतीचं पाणी अजून खाली गेलं आणि चिखलात निवट्या नावाच्या मासोळ्या उड्या मारू लागल्या. शेवटी कोणीतरी मागून म्हणालं, "त्यात ह्याचा काय दोस? हुकूम म्हंजे हुकूम." मला ते फार हवंहवंसं वाटलं. दोन महिने मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण खरं तसं नव्हतं, आणि त्या सकाळी खोटं बोलायचं नसतं. मी म्हटलं, "हुकूम पाडायचा व्हता. जागा दाखवायचा हुकूम कुनी दिला नव्हता. ती मी आपनहून दाखवली."

तात्या दोन पावलं माझ्याकडे आले.

"वल दिसली का सांगायचं, ही आपलीच शिकवन," ते म्हणाले. "त्यात तुझं चुकलं न्हाय. पन सांगितलंस कुनाला? हितं आपन सांगताव तवा समोरच्याच्या हातात चिखल असतो. तुझ्या सुभेदाराच्या हातात काय व्हतं?"

"पहार."

"मंग?"

त्यांनी ओळीकडे वळून नेहमीच्या आवाजात विचारलं, "अजून कुनाचं ऱ्हायलंय का? न्हाय? चला उतरा." आणि लोक चिखलात उतरले. माझ्या भोकाचीही बाकीच्यांबरोबर नोंद झाली होती. मला कोणी बोल लावला नाही, पाठही थोपटली नाही.

दुपारपर्यंत बा मान खाली घालून राबला. तो खालून गोळे देत होता, मी वर लावत होतो. त्याच्या लाननाईकाचं असं झालेलं त्याला लागलं होतं, ते मला दिसत होतं आणि मलाही त्याचं फार वाईट वाटत होतं. मग एक गोळा हातात तसाच धरून तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचा गोळा फुटला का रं?"

"न्हाय फुटला."

"मंग बांधील परत. माती बरी हाय तिथली."

आणि त्यानं गोळा माझ्या हातात दिला.

तो हंगाम मी जसा राबलो तसा आधी कधी राबलो नव्हतो. सकाळची सुकती, दुपारची सुकती, पाणी जसं पुढं सरकेल तसं काम पुढं सरकवत होळीपर्यंत आमचा वाटा दगडासारखा केला. शेजारच्या विधवेचाही केला. हातांची सालं निघाली. चिखलात उभं राहून एकच विचार डोक्यात चालायचा, परत जायचं की नाही. येसू म्हणाली, जाऊ नका, बाळगंगेपलीकडे माझ्या मामाकडे राहा चार महिने, कोण शोधायला येतंय? खरं म्हणजे शोधायला आले असते. पण मला ते कारण पुरेसं वाटत नव्हतं. न जाण्यानं माझी सुटका झाली असती, आणि पुढच्या थंडीत सुभेदारांनी दुसऱ्या कोणाला तरी पायथ्याशी उभं केलं असतं. पळून गेलेल्या माणसाच्या नकाराला कोण विचारतो? नाही म्हणायचं तर ते तिथं, त्यांच्या समोर, दंडावर फीत असताना म्हणायला हवं होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी येसूला एवढंच म्हटलं, "जातो. पन पेन्शनीची वाट बघू नको." ती समजली. सदऱ्याची घडी करून पेटीत ठेवताना तिनं फितीवरून एकदा बोट फिरवलं.

पुढच्या थंडीत खिंड आली, गाव आलं आणि बंधाराही आला, मागच्याहून मोठा. सुभेदारांनी कुदळी वर चढूच दिल्या नाहीत. सरळ मला पुढं बोलावलं. "लान्सनायक, जागा दाव."

मी पायथ्यानं चालत गेलो. निम्म्यात पोचलो आणि मला ओल दिसली. उन्हात चकाकत होती, आंधळ्यालाही दिसली असती असं मला वाटलं. मी परत येऊन सावधानमध्ये उभा राहिलो.

"दिसली?"

"दिसली सायेब."

"कुठं?"

"सांगनार न्हाय."

सुभेदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बाजूला नेलं, दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा नुसतं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत रागापेक्षा कळवळा जास्त होता, आणि तो झेलणं मला रागापेक्षा कठीण गेलं. पण नकार एकदा तोंडातून गेल्यावर आत एक प्रकारचं स्वस्थ वाटलं, वाटा पुरा चोपून झाल्यावर वाटतं तसं. माझी बंदूक काढून घेतली, दोन शिपायांच्या पहाऱ्यात मागं पाठवलं. बाकीचे वरून कुदळी मारत राहिले, आणि दिवस उतरायच्या आत माघारी फिरले. त्या संध्याकाळी तो बांध अर्ध्याहून अधिक उभा होता, असं इस्माईलनं मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुरुंग लावून उडवला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माझ्या तोंडून तो गेला नाही, एवढं मला पुरलं.

इस्माईल मला कोठडीत भेटायला आला तेव्हा चिडलेला होता. "येड्या, दिसत न्हाय म्हनायचंस. काम बी झालं नसतं, फीत बी ऱ्हायली असती."

"दिसलेलं भोक दिसलं न्हाय म्हनता येत न्हाय मला," मी म्हटलं. "आमच्यात तसं चालत न्हाय."

तो हसला आणि मग रडला. त्याच्यावर चार बहिणींचा भार होता, तो पलटणीतच राहिला आणि पेन्शन घेऊन घरी आला. त्याला मी कमी मानत नाही. दर साली तो श्रीवर्धनहून कोणाच्या तरी हाती रोठा सुपारी धाडतो आणि निरोप देतो, येड्याला द्या.

कंपनीसमोर माझी फीत वस्तऱ्यानं उसवली. कोठडी भोगली आणि नाव कापलं गेलं. बूट, बिल्ले सगळं जमा झालं, जुना सदरा तेवढा अंगावर राहिला. फीत गेली त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. अजूनही कधीकधी वाटतं. मी पुन्हा चालत गाव गाठलं तेव्हा बा अंगणात दोरी वळत बसला होता. त्यानं माझ्या दंडाकडे पाहिलं. उडालेल्या खाकीवर फितीच्या जागी गडद रंगाचा वण राहिला होता.

"कापली?"

"कापली."

"बरं," बा म्हणाला. "उद्याची सुकती सकाळची हाय."

तो सदरा मी फाटेपर्यंत बांधावर घातला. त्या वणावरूनच बानं मिरवलेलं लाननाईक हे नाव मला कायमचं चिकटलं.

आता बा नाही, हिराजीतात्याही चार वर्षांमागे गेले. माझ्याहून वडील दोघं आहेत, पण एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला उभं राहवत नाही, म्हणून विचारायचं काम माझ्याकडे आलं आहे. परवा पहिला दिवस झाला. ओळीत महादूही होता. होळीनंतर त्याला पलटणीत हजर व्हायचं आहे. त्याच्या आईनं ओट्यावर आलेल्या त्या चौघांबरोबर मला निरोप धाडला होता, काही तरी सांगा म्हणून. जाऊ नको असं मी त्याला सांगणार नव्हतो. मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. आणि खारीच्या चार वाफ्यांवर तीन भावांचं पोट भरत नाही, हे मला दिसत नाही असं थोडंच आहे.

मी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा महादू खाकरला.

"एक हाय. पन ते तुमच्याच वाट्यात हाय, काका."

सगळी ओळ हसली. मीही हसलो, पण कान तापले. त्यानं मला माझ्याच वाट्यावर नेलं, गवत बाजूला केलं आणि दाखवलं. तळव्याएवढी ओल, कडेला शेवाळं. मी रोज सकाळी तिथून जातो. नजर आता पूर्वीची राहिली नाही, ते कबूल करायला हवं. मी खाली बसलो, बीळ उकरून मोकळं केलं आणि हात आत घातले. महादू वरून गोळे देऊ लागला.

"डोळा तुझ्या आज्याचा हाय," मी त्याला म्हटलं. "तिकडं बी तुला अशी ओल दिसंल. आपल्या मानसाला ती दिसतेच. पन दिसली म्हून लगेच बोंब मारू नको."

"मंग काय करू?"

"आधी समोरच्याच्या हातात काय हाय ते बघ."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. ते कोपरापर्यंत चिखलात होते. मग तो वाकला, पुढचा गोळा उचलला आणि माझ्या हातात दिला.